दोन थेंब बफ

१/३५ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं, रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलचं किट जोडून व्हायला चार-सहा रविवार पुरतात, पण त्याला रंग कुठला द्यायचा हे ठरवायला अख्खा पावसाळा जाऊ शकतो. घरी येणाऱ्या कुणालाही हे पटत नाही. टेबलावरचं बिनरंगाचं प्लास्टिक बघून सगळे एकच बोलतात, मिलिटरीचाय ना, मग मारून टाक की हिरवा. अहो पण कुठला हिरवा? नुसत्या टामिया कंपनीच्या रंगांच्या बाटल्या काढल्या तरी एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन, एक्सएफ-६१ डार्क ग्रीन, एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब, लांबून तिन्ही सारखे आणि प्लास्टिकवर मारले की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. त्यात परत हंब्रॉल आणि व्हॅलेहोवाले आहेतच, त्यांचा ऑलिव्ह ड्रॅब अजून तिसरीकडे.

आणि हिरवा हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार. खरी मजा जर्मन पिवळ्यात आहे.

१९४३ च्या सुरुवातीपर्यंत जर्मन रणगाडे गडद राखाडी, आरएएल या जर्मन रंगयादीतला नंबर ७०२१. फेब्रुवारी १९४३ मधे हुकूम निघाला की इथून पुढे बेस पिवळा, डुंकेलगेल्ब, ७०२८. कारखान्यातून गाडी पिवळी येणार आणि तिच्यावरचे पट्टे नाहीतर ढग काय ते मारायला ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी असे दोन रंग युनिटला मिळणार, तेही तयार नाही, घट्ट पेस्टच्या डब्यात. ती पेस्ट पातळ करायची पेट्रोलने, पेट्रोल नसेल तर पाण्याने, मारायची स्प्रे गनने, गन नसेल तर ब्रशने, आणि तोही नसेल तर जे हाताला लागेल त्याने. आता विचार करा, रशियातल्या कुठल्यातरी माळावर उभा असलेला क्रूवाला, झोप नाही, पेट्रोल गाडीलाच पुरत नाही, तो त्या पेस्टमधे किती पाणी ओतत असेल? शेजारच्या गाडीवाल्याने ओतलं तेवढंच ओतत असेल? आणि आपण ऐंशी वर्षांनी पुण्यात पंख्याखाली बसून भांडतोय की तुझा तपकिरी ८०१७ ला मॅच होत नाही!

गंमत म्हणजे ही आरएएलची यादी जन्माला आली तीच असला गोंधळ टाळायला. १९२७ साली चाळीस रंगांना नंबर दिले, कशासाठी, तर रंग बनवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांना नमुन्याचे तुकडे पाठवत बसू नये, नंबर सांगितला की काम झालं. कारखान्याच्या दारापर्यंत झालंही असेल. दाराबाहेर ऊन, धूळ, इंजिनाचा धूर आणि वर सांगितलेला तो झोपमोड झालेला माणूस.

आमच्या मॉडेलवाल्यांच्यात एक जण पक्का नंबरवाला आहे. अमेरिकन फेडरल स्टँडर्ड ५९५, म्हणजे तिकडची सरकारी रंगयादी, त्याला तोंडपाठ, ३४०८७ म्हटलं की लगेच सांगणार, पहिला आकडा ३ म्हणजे मॅट, २ असता तर सेमीग्लॉस, १ असता तर ग्लॉस. मान्य रे बाबा, पण ते स्टँडर्डच १९५६ चं आणि त्याचा नंबर लावून तू १९४४ चा नॉर्मंडीतला शर्मन रणगाडा तपासतोयस, असं मी म्हटलं की त्याचे मेसेज काही दिवस बंद.

मग दुसरे म्हणतात, वाद कशाला, जुने फोटो बघा. बघा ना. बहुतेक सगळे ब्लॅक अँड व्हाइट, त्यात फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असली तर तिला लाल कळतच नाही, लाल काळपट येतो आणि निळा पांढुरका, म्हणजे फोटोतला गडद पट्टा खरोखर गडद होता की नुसता लालसर होता हे देवालाच माहीत. तिसरे म्हणतात, म्युझियममधे जाऊन बघा. त्यावर तर इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा म्युझियममधल्या माटिल्डा या ब्रिटिश रणगाड्याचा किस्सा आहे. १९४०-४१ च्या वाळवंटातल्या ब्रिटिश गाड्यांना काँटर स्कीम म्हणून तिरप्या सरळ पट्ट्यांची तीनरंगी रंगसंगती होती, आणि म्युझियमने आपला माटिल्डा पुन्हा रंगवताना त्यातला एक पट्टा चक्क निळा मारला. झालं, वर्षानुवर्षं जगभरच्या मॉडेलवाल्यांनी निळे माटिल्डा केले. पुढे कुणीतरी जुनी कागदपत्रं नीट वाचली तेव्हा कळलं की तो सिल्व्हर ग्रे, म्हणजे हिरवट झाक असलेला राखाडी. अजूनही निळ्याच्या बाजूने भांडणारे भेटतात, आणि खरं सांगू का, दिसतो फार छान तो निळा.

त्यामुळे माझं मत असं झालंय की नंबर घ्यावा सुरुवातीला, रस्ता चुकू नये म्हणून, पुढचं डोळ्याने करावं.

मी मिक्सिंग करतो खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या झाकणात. पारदर्शक असतं, बाजूला पाच-दहा एमएलच्या खुणा असतात आणि घरात लहान मूल असेल तर कधीच कमी पडत नाहीत. एक्सएफ-६० डार्क यलोची बाटली आधी तळापासून ढवळायची, कारण रंगाचा जीव तळाशी बसलेला असतो आणि नुसतं वरवरचं ओतलं तर भलताच शेड येतो. मग बिनसुईच्या सिरिंजने मोजून झाकणात. मग एक्सएफ-५७, बफ, म्हणजे फिका मातकट पिवळा, थेंबाथेंबाने. पहिल्या थेंबाला काहीच होत नाही, टूथपिक फिरवली की एक फिकट रेघ गोल फिरते आणि गायब. दुसऱ्या थेंबाला तेच. पुढे कधीतरी एका थेंबाला त्या पिवळ्यातला जडपणा एकदम जातो आणि तो उन्हात राहिलेला वाटायला लागतो. तिथे थांबायचं. अजून दोन थेंब टाकायची फार इच्छा होते, तेव्हा झाकण उचलून गॅलरीत न्यायचं, कारण आतल्या एलईडीखालचा रंग आणि सकाळच्या उजेडातला रंग वेगळा असतो. ओला आणि वाळलेलाही वेगळा, म्हणून जुन्या प्लास्टिकच्या चमच्यावर एक हात मारून बघायचं आणि तो वाळेपर्यंत चहा करायचा.

बफ कशाला, सरळ पांढरा का नाही, असं नवीन लोक विचारतात. फिका करायचं कारण आधी सांगतो. १/३५ चं मॉडेल आपण दोन फुटांवरून बघतो म्हणजे खरा रणगाडा सत्तर फुटांवरून बघतो, मधल्या हवेने रंग थोडा उतरलेला असतो, शिवाय एवढ्याशा वस्तूवर गडद रंग आणखीच काळा दिसतो. स्केल जितकं लहान तितका रंग फिका असा साधारण हिशोब, १/७२ ला पंधरा टक्क्यांपर्यंत पांढरा घाला असंही सांगणारे आहेत. पण पांढरा रंगाचं रक्त शोषून घेतो. लालसर तपकिरीत घातला की गुलाबी, ऑलिव्ह ड्रॅबमधे घातला की थेट पिस्ता. बफमधे स्वतःचा थोडा मातकटपणा आहे, तो रंग फिका करतो पण त्याची जात बदलत नाही. (गुलाबी वाईट असं नाही हं. ब्रिटिश एसएएस या कमांडो तुकडीने १९६८ साली घेतलेल्या लँड रोव्हर खरोखर गुलाबी होत्या, वाळवंटात पहाटे-संध्याकाळी तो रंग दिसेनासा होतो म्हणून, आणि त्यांना नावही पिंक पँथरच पडलं. ती गाडी करायची असेल तर घाला बिनधास्त पांढरा.)

ऑलिव्हचं अजून एक. हिरवा न घालता तो हिरवा येतो, पिवळ्यात काळा घालून. शाळेच्या कॅमलच्या वॉटर कलरमधेही करून बघता येईल, गेरूकडे झुकणारा पिवळा घ्यायचा आणि ब्रशच्या टोकावर काळा. भाच्याला दाखवलं तर तो मला म्हणाला, मामा तू चीटिंग केलंस, गपचूप हिरवा घातलास.

बाकी आपल्याकडची हवा हा वेगळाच विषय आहे. परदेशातले लोक यूट्यूबवर इतका थिनर घाला तितका घाला असं सांगतात ते त्यांच्या गॅरेजमधलं. रंग एअरब्रशसाठी ताकाइतका पातळ हवा हे खरं, पण मे महिन्याच्या दुपारी तो ताकाइतका असूनही नळीतून निघून प्लास्टिकवर पोचेपर्यंत वाटेतच वाळतो आणि हात फिरवला की खरखर लागते, तेव्हा रंग वाळणं लांबवणारा रिटार्डर घालायलाच लागतो. जुलैत उलटं, लॅकर मारलं की हवेतला ओलावा त्यात अडकून पांढुरकी छटा येते. टामियाचं ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने मस्त पातळ होतं आणि तेच अल्कोहोल व्हॅलेहोत घातलं तर गोळे. एअरब्रश धुवायला मात्र गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला एनसी थिनर, खिडक्या उघड्या ठेवून. तिथले काका कॅन भरता भरता विचारतात, कुठली गाडी आहे साहेब? पँझर फोर, असं मी एकदा सांगितलं, त्यांनी शांतपणे विचारलं, डेंटिंग झालंय का?

शेवटी त्या पिवळ्यावर ऑइल कलरचा वॉश, म्हणजे अगदी पातळ थर, जातो, बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमधे सैल करून, आणि थेंब मोजून केलेला तो शेड निम्मा त्याखाली जातो. त्यावर धूळ. मग नंबरवाला येतो, चष्मा वर करून बघतो आणि म्हणतो, बेस जरा फिका झालाय का रे.

पुढचं काम सेंच्युरियन रणगाडा. पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचाच, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतर नदीवरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमधे लढले आणि गेले त्याचं नाव फामागुस्ता. तो रणगाडा नंतर दुरुस्त केला आणि आज नगरला आर्मर्ड कोअरच्या सेंटरमधे जपून ठेवलाय. म्हणजे आज त्यावर दिसतो तो नंतर दिलेला रंग, माटिल्डाचा धडा इथेही लागू. नंबरवाल्याने कोड शोधायला सुरुवात केलीय. मी एक्सएफ-५८ ची नवी बाटली आणलीय आणि नदीकाठच्या चिखलासाठी वेगळं झाकण काढून ठेवलंय, चाकांपासून पार फेंडरपर्यंत चिखल असला तर हिरवा उरणार किती यावर आमचं आत्ताच वाजलंय.