लोझानचा ज्युनिअर वर्ल्ड कप: फायनल सोडा, पहिले दिवस धरा

बास्केटबॉलचा ज्युनिअर वर्ल्ड कप बघायला निघालेला माणूस आधी फायनलची तारीख बघतो आणि तिला धरून सुट्टी टाकतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सुट्टी पहिल्या आठवड्यात टाका, फायनल हुकली तर हुकू द्या. 2025 चा 19 वर्षांखालील मुलांचा बास्केटबॉल वर्ल्ड कप 28 जून ते 6 जुलै या काळात स्वित्झर्लंडमध्ये लोझानला झाला. फायनलमध्ये अमेरिकेने जर्मनीला 109-76 असं हरवलं. तेहतीस गुणांचा फरक! शेवटच्या क्वार्टरमध्ये प्रेक्षक एकमेकांना परतीच्या गाड्या विचारत होते. मात्र त्याआधीच्या दिवसांत जे बघायला मिळालं, त्यासाठी मी पुन्हा तिकीट काढेन.

सोबत भाचा होता. बारावी झालेली, इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडची वाट बघत पुण्यात बसलेला; कॉलेजच्या टीममध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे डाव मांडणारा, म्हणून खेळतो. मी राहतो जर्मनीत, कार्ल्सरूहला. त्यामुळे घरातच दोन पक्ष पडले. मी जर्मनीच्या बाजूने, तो अमेरिकेच्या. ‘मामा, तू इथे टॅक्स भरतोस म्हणून जर्मनी का?’ हे त्याने बासेल यायच्या आत दोनदा विचारून झालं होतं.

स्पर्धेची रचना आधी समजून घ्या, कारण बेत तिच्यावरच ठरतो. 16 संघ, चार-चारांचे चार गट. गटात शेवटचा आलेला संघही घरी जात नाही. सगळे सोळा पुढच्या बाद फेरीत खेळतात. तिथे जिंकणारे पहिल्या आठ जागांसाठी झगडतात, हरणारे नवव्या ते सोळाव्या जागेसाठी. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला सात सामने येतात. एकूण सामने 56, खेळाच्या दिवशी आठ-आठ. एका कोर्टवर एवढे मावत नाहीत, म्हणून तिकीट काढताना ते कोणत्या हॉलचं आहे आणि एका सामन्याचं की अख्ख्या दिवसाचं, हे वाचूनच पैसे भरा. नऊ दिवसांत सात दिवस खेळ आणि दोन दिवस विश्रांती असं गणित बसतं. सुट्टी मोजून मिळालेली असेल तर हे दोन दिवस कुठे पडतात ते वेळापत्रकात बघून घ्या.

आता मुद्द्याचं. अमेरिकेच्या सामन्यांना गर्दी होते, पुढच्या रांगा लवकर जातात. पण सकाळी-दुपारी जे सामने असतात, विशेषतः नवव्या ते सोळाव्या जागेचे, त्यांना तुम्ही थेट बेंचच्या मागे बसू शकता. टाइमआऊटमध्ये कोच काय सांगतो ते ऐकू येतं. भाषा कळली नाही तरी पाटीवर काढलेला डाव दिसतो आणि अर्ध्या मिनिटात तोच डाव कोर्टवर घडताना किंवा फसताना बघता येतो. मुंबईत नागपाड्याला मस्तान वायएमसीएत कोर्टाच्या कडेला उभं राहून ज्याने मॅच बघितली आहे, त्याला ही मजा वेगळी सांगायला नको. टीव्हीवर बॉल दिसतो. इथे बॉल नसलेले चार जण काय करतात ते दिसतं: स्क्रीन लावून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून, बाजूला सरकणारा सेंटर, कोपऱ्यात उगाच उभा वाटणारा आणि त्यामुळेच डिफेन्सला आत येऊ न देणारा शूटर. भाचा पहिल्या दिवशी स्कोअरबोर्ड बघत होता. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याची नजर पॉइंट गार्डच्या पायांवर गेली होती. कोणी खेळणारं मूल सोबत नेणार असाल, तर यासाठी न्या.

या वयाच्या बास्केटबॉलची गंमत अशी की त्यात दोष उघडे दिसतात. अमेरिकेच्या संघात सव्वासात फुटांवरचा डॅनियल जेकबसन होता आणि पुढे स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला एजे डिबान्त्सा होता. ही मुलं एकेकटी थक्क करतात. पण बारा मुलं काही आठवड्यांपूर्वी एकत्र आलेली असतात. युरोपचे संघ वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वयोगटांत एकत्र खेळत आलेले. म्हणून झोन डिफेन्स, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, लागला की पहिली काही मिनिटं अमेरिकी पोरं अडखळतात. एरवी त्यांची उडी आणि वेग सगळं झाकून टाकतो.

झाकता आलं नाही ते कॅनडासमोर. क्वार्टर फायनल, 108-102. संपूर्ण स्पर्धेत अमेरिकेला खरा घाम फुटला तो याच एका सामन्यात. कॅनडाच्या पोरांना ही अमेरिकी मुलं नवीन नाहीत. अनेक जण सीमेपलीकडच्या शाळांत त्यांच्याच विरुद्ध खेळतात, त्यामुळे नावाची भीती नाही. सामना संपला तेव्हा भाच्याचा आवाज बसला होता आणि माझी बाजू अचानक कॅनडाची झाली होती. सेमीफायनलमध्ये याच अमेरिकेने न्यूझीलंडला पन्नासहून जास्त गुणांनी धुतलं. मधली रात्र सोडली तर संघ तोच. तरीही न्यूझीलंडचं कौतुक कमी करू नका. सेमीपर्यंत येणं ही त्यांच्यासाठी मोठी मजल होती आणि सामन्याआधीचा त्यांचा ‘हाका’ हा माओरी नाच बघायला मिळाला तर जागेवर उशिरा पोहोचू नका. तिसरी जागा स्लोव्हेनियाने घेतली. वीस लाखांच्या आसपास वस्ती असलेला देश! आपल्याकडे एवढी माणसं एका मोठ्या शहरात राहतात.

माझी जर्मनी हरली खरी, पण तिची टीम कच्ची नव्हती. 2024 मध्ये 18 वर्षांखालील युरोपियन अजिंक्यपद त्यांनीच जिंकलं होतं. हानेस स्टाइनबाख वुर्झबुर्गच्या क्लबातून आलेला, म्हणजे एनबीए गाजवलेल्या डर्क नोवित्स्कीच्या गावचा. रिबाऊंडसाठी, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, तो उडी कमी मारतो आणि जागा आधी पकडतो. उडी कमी असलेल्या कुठल्याही मुलाला दाखवावा असा खेळाडू.

आशियाच्या वाट्याच्या चार जागांवर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन आणि जॉर्डन होते. भारत नव्हता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आशियात खेळू लागल्यापासून ही वाट आणखी अरुंद झाली आहे, हे बघून वाईट वाटतं. पण जॉर्डनसारखा छोटा देश तिथून निघतो, तेव्हा ‘ते आलेत ना, मग आपलं कसं होणार’ हे रडगाणं फार वेळ टिकत नाही.

आता जाण्या-येण्याचं. सामन्यांचं मुख्य ठिकाण वोदुआझ अरेना. 2019 मध्ये उघडलेलं, एरवी लोझानच्या आइस हॉकी क्लबचं घर. ते लोझान शहराला चिकटून, माले भागात आहे. लोझानच्या मुख्य स्टेशनवरून लोकल पकडली की प्रिली-माले हे पहिलंच स्टेशन, तीन-चार मिनिटांचं अंतर. शहराच्या मध्यातल्या फ्लॉन स्टेशनवरून एम-1 मेट्रोनेही मालेला उतरता येतं, पण थोडं चालावं लागतं. टॅक्सीचा विचारही करू नका. हॉटेल किंवा हॉस्टेलात रात्र काढणाऱ्याला लोझानमध्ये मुक्कामाच्या दिवसांसाठी शहर वाहतुकीचं मोफत कार्ड मिळतं; बस, मेट्रो, जवळच्या लोकल सगळं त्यात येतं. बुकिंग झाल्यावर आणि पोहोचायच्या आधीच त्याची चौकशी करा, म्हणजे स्टेशनपासून हॉटेलपर्यंतचा पहिला प्रवासही त्यातच बसेल. मित्राच्या घरी उतरलात तर हे कार्ड नाही.

एम-2 मेट्रो सामन्यांसाठी लागणार नाही, तरी एकदा बसा. जिनिव्हा तळ्याकाठच्या ऊशीपासून वर क्रोआझेतपर्यंत सहा किलोमीटरांत ती साडेतीनशे मीटरच्या जवळपास चढते. लोझान हे असं उतारावरचं गाव आहे. नकाशावर पाचशे मीटर दिसलं, तर ते वर आहेत की खाली हे आधी बघा. म्हातारी माणसं सोबत असतील तर हॉटेल मेट्रोच्या दाराशीच हवं.

भारतातून येणाऱ्यांना मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. पुढे ट्रेनने लोझान दोन तासांवर थोडं. जिनिव्हाला उतरलात तर विमानतळाच्या आतूनच ट्रेन मिळते आणि पाऊण-एक तासात लोझान. ट्रेनची तिकिटं स्विस रेल्वेच्या ॲपवर काढा आणि ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट मिळतंय का ते बघा. आधी काढलं तर पुष्कळ वाचतात. आमच्यासारखे जर्मनीतून येणार असाल, तर बासेलला गाडी बदलताना हातात चांगला अर्धा-पाऊण तास ठेवा. पुढची स्विस गाडी कोणासाठी थांबत नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच. जास्त दिवस ज्या देशात राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. भाचा बहुतेक दिवस माझ्याकडे होता म्हणून त्याचा अर्ज जर्मनीकडे गेला. फक्त लोझानला येणाऱ्याने स्वित्झर्लंडकडे करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांना फी 90 युरो, आणि किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मे-जूनमध्ये सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हात घाला.

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, याचे चटके बारीकसारीक ठिकाणी बसतात. जर्मनी-फ्रान्सच्या सिमवरचं फुकट रोमिंग तिथे चालेलच असं नाही. सीमा ओलांडायच्या आधी प्लॅन बघा, नाहीतर डेटा बंद ठेवा. चलन फ्रँक. प्लगही वेगळा: मोबाइल चार्जरचा दोन गोल पिनांचा चपटा युरोपियन प्लग बसतो, पण जर्मनीतला जाड गोल प्लग बसत नाही आणि आपला तीन पिनांचा तर नाहीच.

खाणं महाग आहे, हे सगळेच सांगतात. किती महाग ते पहिल्या सँडविचला कळतं. आम्ही सकाळी मिग्रो किंवा कोऑप या सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, दही घेऊन निघायचो. ही दुकानं संध्याकाळी लवकर आणि रविवारी जवळजवळ सगळी बंद असतात. रविवारी मुख्य स्टेशनातलं दुकान उघडं मिळतं. पाणी विकत घेऊ नका, गावभर कारंज्यांना पिण्याचं पाणी आहे, जिथे चालत नाही तिथे तसं लिहिलेलं असतं. घरून येताना चिवडा, मेथीचे ठेपले, मेतकूट बिनधास्त आणा. पेढे, तूप, खवा मात्र नको. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे आणि कस्टमवाल्याला ‘आईने दिलंय’ हे कारण पटत नाही.

राहायला मालेच्या खाली, तळ्याच्या बाजूला विदी भागात यूथ हॉस्टेल आहे. तिथून अरेना चालत अर्ध्या तासाच्या आत. लवकर भरतं. पलीकडच्या काठावर फ्रान्सचं एव्हियाँ आहे, बोटीने पाऊण तासाच्या आत ऊशीला पोहोचता येतं आणि हॉटेलं युरोंत मिळतात. पण मग शहर वाहतुकीचं कार्ड गेलं आणि रात्रीच्या सामन्यानंतर शेवटची बोट गाठायची धावपळ आली. रात्रीचे सामने बघायचे असतील तर हा जुगाड टाळा.

उकाडा हा विषय मी लिहीन असं मला स्वित्झर्लंडबद्दल वाटलं नव्हतं. जूनअखेरीच्या त्या दिवसांत युरोपभर उष्णतेची लाट होती. आरे नदीचं पाणी इतकं तापलं की बेत्सनाऊची अणुभट्टी थांबवावी लागली. हॉटेलांत एसी गृहीत धरू नका, बुकिंग करताना विचारा. सुती कपडे, टोपी, आणि पोहायचे कपडे आणा. विश्रांतीच्या दिवशी आम्ही विदीच्या काठावर पाण्यातच होतो. तिथे पैसे पडत नाहीत, आणि शेजारीच आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं मुख्यालय दिसतं.

ऊशीचं ऑलिम्पिक संग्रहालय मात्र चुकवू नका. सोमवारी बंद असतं. अर्धा दिवस ठेवा. शिवाय बास्केटबॉलच्या दृष्टीने हा सगळा तळ्याकाठ जुना आहे. जागतिक संघटना फिबा 18 जून 1932 रोजी जिनिव्हात आठ देशांनी मिळून स्थापन केली, त्यात स्वित्झर्लंड होता. पहिली युरोपियन स्पर्धाही 1935 मध्ये जिनिव्हातच झाली आणि ती जिंकली लॅटव्हियाने. फिबाचं आजचं मुख्यालय जिनिव्हाच्या वाटेवर मीएस गावात आहे. इमारत बाहेरून बघून फोटो काढायचा असेल तर उतरा, नाहीतर तोच वेळ लाव्होच्या द्राक्षमळ्यांत घालवा. तळ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे ते मळे जागतिक वारशात आहेत आणि लोकल त्यांच्या खालून जाते.

स्पर्धा दर दोन वर्षांनी, विषम सालात होते. पुढची 2027 मध्ये. ठिकाण बदलेल, पण वेळ साधारण हीच, जून-जुलै. गटांची सोडत स्पर्धेच्या काही महिने आधी निघते. ती निघाली की अमेरिका कोणत्या गटात आहे हे बघायच्या आधी असा गट शोधा, ज्यात चारही संघ जवळपास सारखे आहेत, आणि त्याच्या तीनही दिवसांची तिकिटं काढून टाका.