पट्टीवर 46, पाणी मात्र 40चं

उन्हाळी हंगामातलं शेवटचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू होतं आणि आमच्या मध्यम सिंचन प्रकल्पाचा पाण्याचा हिशेब काही केल्या जुळेना. मराठवाड्यात असं झालं की पहिलं बोट बाष्पीभवनाकडे जातं, आणि ते उगाच नव्हे. धरणाच्या 100 हेक्टर पाणफुगवट्यावरचं 1 मिलिमीटर पाणी उडालं की 1000 घनमीटर गेलं. जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरला की सुमारे 35,000 हेक्टरवर पसरतो, म्हणजे तिथे एका मिलिमीटरला साडेतीन लाख घनमीटर! पण आमच्याकडे बाष्पीभवन पात्राची रोजची नोंद होती, पात्रातलं पाणी धरणापेक्षा जास्त उडतं म्हणून ती 0.7 ने गुणून वजावटही झालेली होती. घोळ धरणात नव्हता, कालव्यावर होता.

आकडे विचित्र दिसत होते. मुख्य कालव्याचा वहनव्यय, म्हणजे वाटेत मुरणारं-गळणारं पाणी, फारच कमी, आणि एक मायनर, म्हणजे छोटा फाटा, मात्र पाणी पिऊन टाकणारा. टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे शेतकरी पाणीच पोचत नाही म्हणून ओरडत होते. त्या मायनरवर शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था आहे, तिची आकारणी घनमापनाने, म्हणजे मोजून दिलेल्या पाण्यावर होते. त्यामुळे ही नुसती कागदावरची तफावत नव्हती, बिलात उतरणारी होती.

सकाळी मायनरच्या मुखाशी गेलो. तिथे ओघ मोजायला स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम, म्हणजे मध्ये अरुंद गळा असलेली पक्की चर आहे; पट्टीवरची पातळी वाचून कोष्टकातून ओघ काढतात. पट्टीवर 46 सेंटिमीटर, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या वहीतही रोज 46. वाचन बिनचूक होतं. खटकलं ते पाणी. फ्ल्यूम नीट चालत असेल तर गळ्याच्या पुढे पाणी उसळी घेतं, आवाज येतो. इथे ते डबक्यासारखं सपाट सरकत होतं. पुढच्या भागात गाळावर पाणकणीस माजलं होतं, त्याने पाणी मागे तुंबवलं होतं. उंबरठ्यापासून मोजलेली खालची पातळी वरच्या पातळीच्या साधारण 80 टक्क्यांपुढे गेली की कोष्टकावर विसंबता येत नाही. पट्टी चढते, ओघ वाढत नाही.

पाण्याचा वेग मोजणाऱ्या करंट मीटरने ओघ मोजून घेतला. मग मजूर लावून पाणकणीस उपटलं, गाळ ओढला. दुपारी उसळी परत आली आणि पट्टी 40 वर उतरली. गेटला कोणी हात लावला नव्हता. पुन्हा मोजलं, ओघ जवळपास तेवढाच. ओघ पट्टीच्या दीड घाताने बदलतो. 46 भागिले 40 म्हणजे 1.15, त्याचा दीड घात 1.23. संस्थेच्या नावावर 23 टक्के जास्त पाणी पडत होतं.

मुख्य कालव्याचा वहनव्यय म्हणजे मुखाशी सोडलेलं वजा मायनरांना दिलेलं. दिलेलं फुगलं की कालवा आपोआप गुणी ठरतो आणि दोष खालच्यांच्या माथी बसतो. हेच आकडे 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर पुढच्या रब्बीचं नियोजन करताना वापरले जातात, म्हणून चूक तिथेच थांबत नाही.

मागचं बिल दुरुस्त करणं जास्त किचकट. पाणकणीस एका रात्रीत उगवत नाही, त्यामुळे सगळ्या आवर्तनांतून सरसकट 23 टक्के वजा करता येत नव्हते. ज्या दिवसांचं प्रत्यक्ष मापन होतं तेवढीच दुरुस्ती लागली, बाकीची संस्थेशी बसून ठरवली. आता फ्ल्यूमच्या खालच्या बाजूलाही पट्टी रंगवली आहे, आणि पाटकऱ्याच्या वहीत दुसरा रकाना आहे.