थांबू की घेऊ?

बेळगावच्या टिळकवाडीत कुणालाही विचारा, "नवा लॅपटॉप घेऊ का?", तर "थांब की जरा, नवं मॉडेल येतंय" हेच उत्तर. ॲपलच्या मॅकबुक एअर लॅपटॉपचं बघा: एम१ चिपचा २०२० च्या नोव्हेंबरात, एम२ २०२२ च्या जुलैत, एम३ मार्च २०२४ ला, एम४ मार्च २०२५ ला. म्हणजे नवं येतच राहणार.

माझं काम काय, तर खानापूर-निपाणीकडच्या लोकांचे जमिनीचे कन्नड उतारे मराठीत करून द्यायचे. त्याला वेगवान चिप कशाला? पण स्कॅन केलेल्या फायली, दोन भाषांचे फॉन्ट आणि ब्राउझर एकदम उघडले की मेमरी (रॅम) लागते. ती या यंत्रात नंतर वाढवता येत नाही, आधीच हिशेब करायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच किमतीत ८ ऐवजी १६ जीबी मिळायला लागली; तोवर थांबलेले खरे फायद्यात! वर एम४ आपल्याकडे ९९,९०० ला आला, एम३ पेक्षा पंधरा हजारांनी स्वस्त.

धाकटा म्हणतो, "दादा, पुढच्या मार्चपर्यंत कळ काढ." त्याला काय जातंय? उतारे माझ्या टेबलावर साचलेत. गणपतीच्या सवलतीत एम४ घेतोय, १६ जीबीचाच. जुना त्यालाच देईन, बिजागरी टिकली तर.