माती तीच, पण राहणार कोण?

मागच्या आठवड्यात साडूभाऊंचा फोन आला, भुसावळ रोडला एक प्लॉट स्वस्तात मिळतोय म्हणे, घर बांधू. स्वस्त का, तर आधी तिथे जुन्या बॅटऱ्या फोडायचे. दलालाचं म्हणणं, अहो इतकी वर्षं माणसं कामाला होती, कोणाला काय झालं?

मी म्हटलं आधी माती तपासा. रिपोर्ट आला, किलोमागे ३५० मिलिग्रॅम शिसं. "मग हे जास्त का कमी, भो?" आता याला सरळ उत्तर नाही, तिथे पुढे काय होणार यावर ते आहे. कॅनडाने मातीतल्या शिशाच्या मर्यादाच वेगवेगळ्या ठरवल्यात, शेतीला ७०, घराला १४०, दुकानं-ऑफिसला २६० आणि कारखान्याला ६००. म्हणजे आपला प्लॉट कारखान्याला पास, घराला नापास.

कारण कामगार मोठा माणूस, आठ तास येतो, सुटीला घरी. घरातलं लेकरू मात्र तिथेच रांगणार, मातीतला हात तोंडात, आणि अमेरिकेत हिशोब करताना लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅम माती-धूळ गिळतं असं धरतात, मोठ्याच्या दुप्पट, वजन धरतात फक्त १५ किलो. त्यात मुलांच्या अंगात शिसं जास्त मुरतं आणि ते मेंदूला घातक. परसातली मेथी-पालक वेगळीच, आणि एप्रिल-मेमधली आपल्याकडची धूळ तर विचारूच नका.

न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनाल म्हणून जागा आहे, तिथे एका केमिकल कंपनीने कचरा पुरलेली जमीन १९५३ मध्ये १ डॉलरला शाळेच्या बोर्डाला दिली, खाली काय आहे ते खरेदीखतात लिहिलेलं, तरी वर शाळा झाली, शेजारी घरं झाली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसतो, खाली काय पुरलंय ते मी तरी कधी लिहिलेलं पाहिलं नाही.

साडूभाऊ पटकन म्हणाले, बरं मग गोडाऊन काढू, खाली काँक्रीट टाकू. हे चालण्यासारखं आहे, काँक्रीटने माती झाकली जाते, निदान तडे जाईपर्यंत (आपली काळी माती फरशा कशी उचलते ते माहितीये ना). मी सहज विचारलं, वॉचमन ठेवणार का?

"ठेवा लागीन ना. कोपऱ्यात एक खोली देऊ त्याले, बायको-पोरं घेऊन राहील."