जीपीएसविना जागा शोधणे: नोंद चौथी

मागच्या नोंदीत जागा शोधायला फक्त मोबाइल टॉवरवर भागवलं होतं. या वेळी त्याच सहा किलोमीटरच्या फेरीत वाय-फायची जोड दिली. पण त्याआधी टॉवरचं एक जुनं कोडं सुटलं, आणि मला त्याचाच आनंद जास्त आहे.

मांडणी तीच आहे. दोन फोन एकाच पट्टीवर बांधलेले. एकाचं जीपीएस चालू, तो खरी जागा नोंदवतो. दुसऱ्याचं बंद, तो सेलचा (टॉवरच्या एका अँटेनाने व्यापलेल्या भागाचा) क्रमांक, सिग्नल आणि टायमिंग अ‍ॅडव्हान्स लिहीत जातो. हा शेवटचा आकडा सिग्नलला लागणाऱ्या वेळेवरून टॉवरचं अंतर सांगतो. बऱ्याच फोनमध्ये तो मिळतच नाही, माझ्या दुसऱ्या फोनमध्ये मिळतो.

कोडं असं होतं: टेकडीमागच्या टप्प्यात माझी काढलेली जागा दर फेरीला हमरस्त्याकडे सरकायची. चूक चहूकडे विखुरलेली असती तर सिग्नलची चढउतार म्हणून सोडून दिली असती. पण ती कायम एकाच दिशेला. शेवटी एका जागी उभं राहून हिशेब केला. टायमिंग अ‍ॅडव्हान्स ९ दिसत होता. एलटीईमध्ये (४जी) त्याची एक पायरी म्हणजे सुमारे ७८ मीटर, म्हणजे टॉवर साधारण ७०० मीटरवर हवा. (जुन्या जीएसएममध्ये हीच पायरी सुमारे ५५० मीटरची होती, तिथे हा खेळ जमलाच नसता.) लोकांच्या नोंदींतून बनलेल्या खुल्या डेटाबेसमधला त्या सेलचा बिंदू मात्र माझ्यापासून जेमतेम २५० मीटरवर होता. आणखी दोन ठिकाणांहून वर्तुळं काढली. तिन्ही जिथे भेटली तिथे चालत गेलो, तर मनोरा समोर उभा. डेटाबेसच्या बिंदूच्या अगदी विरुद्ध बाजूला!

कारण कळल्यावर सगळं लख्ख झालं. डेटाबेसमधला बिंदू हा मनोऱ्याचा पत्ता नसतोच. ज्यांनी ज्यांनी तो सेल ऐकला त्यांच्या जागांची ती सरासरी असते, आणि नोंदी करणारे बहुतेक जण रस्त्यानेच जातात. शिवाय एका मनोऱ्यावर साधारणपणे १२० अंशांचे तीन सेक्टर असतात. प्रत्येकाची सरासरी त्याच्या अँटेनाच्या समोर पडते, त्यामुळे एकच मनोरा नकाशावर तीन ठिकाणी दिसतो. ते ओळखायला एलटीईच्या सेल क्रमांकाला २५६ ने भागा: भागाकार सारखा आला की स्टेशन (मनोरा) एकच, बाकी उरते ती सेक्टरची ओळख.

म्हणून आता दोन वेगळी कोष्टकं ठेवली आहेत. नुसता सेल क्रमांक हाती असेल तर सरासरीचा बिंदूच वापरतो. त्या सेलवरचा माणूस मनोऱ्याखाली असण्यापेक्षा त्या बिंदूजवळ असण्याची शक्यता जास्त. टायमिंग अ‍ॅडव्हान्स असेल तर मात्र खरा मनोराच हवा. आधी मी दोन्हींची सरमिसळ करत होतो, चूक तिथे होती.

आता वाय-फाय. इथे ऐकू आलेल्या राउटरच्या डेटाबेसमधल्या जागांवरून आपली जागा काढायची. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली हाक देतो, त्यामुळे ऐकायला वेळ लागत नाही. अडचण फोनची आहे. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅप समोर उघडं असलं तरी दोन मिनिटांत चारच स्कॅन (आसपासचे राउटर शोधण्याच्या फेऱ्या) मिळतात. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर पर्यायांत हे बंधन काढता येतं, ते काढूनच फेरी मारा.

पहिल्या फेरीत एका थांब्यावर माझी जागा थेट नऊ किलोमीटर दूर गेली. जागा बदललेला एक राउटर, पण डेटाबेसमध्ये अजून जुन्याच ठिकाणी. आता आधी सगळे बिंदू मांडतो, सर्वांत मोठा पुंजका धरतो आणि त्याबाहेरचे सोडून देतो. फोनचे हॉटस्पॉट गाळायला वाय-फाय यंत्राच्या मॅक पत्त्याचा (यंत्राच्या ओळख क्रमांकाचा, ज्यात ए ते एफ ही अक्षरंही अंक असतात) दुसरा अंक पाहतो: २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नव्हे, स्थानिक पातळीवर ठरवलेला. यात काही राउटरची पाहुण्यांसाठीची नेटवर्कंही गळतात, ते चालेल. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘_nomap’ (नोमॅप) आहे ते नोंदवतही नाही. मालकाने नको म्हटलंय, तिथे विषय संपला. आपल्यापैकी प्रत्येकाने हे पाळावं असं मला मनापासून वाटतं.

निकाल: ६० थांब्यांवर चुकीचा मध्यक टॉवरने ४३० मीटर, वाय-फायने २८ मीटर.

मला जास्त विचारात पाडलं ते अचूकतेच्या वर्तुळाने. अँड्रॉइड जी त्रिज्या देतो तिचा अर्थ खरी जागा त्या वर्तुळात असण्याची ६८ टक्के शक्यता एवढाच, म्हणजे तीनातल्या एका वेळी खरी जागा बाहेर असायचीच. माझ्या थांब्यांत ६० पैकी ४१ वेळा ती आत निघाली. बरोबर ६८ टक्के! पण फोड केली तेव्हा चित्र पालटलं: वस्तीत ४० पैकी ३३, टेकडीमागे २० पैकी फक्त ८. तिकडे राउटर एक-दोनच ऐकू येतात, तरी वर्तुळ वस्तीतल्याइतकंच लहान दिसतं.

तेव्हा पुढच्या फेरीत तीनपेक्षा कमी राउटर असतील तिथे त्रिज्या स्वतः काढणार, आणि टेकडीमागच्या उरलेल्या दोन मनोऱ्यांची जागाही वर्तुळांनी पक्की करणार. कुणाच्या फोनमध्ये ५जीचा टायमिंग अ‍ॅडव्हान्स मिळत असेल तर जरूर कळवा.