खाडा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात चतुर्थ्या आहेत, एकादश्या आहेत, मागच्या पानांवर राशिभविष्यही आहे, पण आमच्या घरी त्याचा खरा उपयोग खाडे मांडायला. दूध आलं नाही की तारखेवर फुली. कामाच्या मावशी आल्या नाहीत की गोल. शेजारी सुतळीला बांधलेलं पेन लोंबत असतं. महिनाअखेरीला बायको फुल्या मोजते, गुणाकार करते आणि हिशेब चुकता होतो.

खाडा हा शब्द कायम दुसऱ्यांसाठीच असतो, हे कधी लक्षात आलंय का? आपण घेतो ती रजा, सुट्टी, फार तर दांडी. खाडा करतात ते इतर लोक. मी कर सल्लागार आहे, वय सत्तेचाळीस, आणि स्वतःचा खाडा मांडायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

झालं असं की मी पळायला लागलो. ध्येय सातारची हिल हाफ मॅरेथॉन. एकवीस किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. सरावाला आमची पुण्यातली तळजाईची टेकडी होतीच. पहाटे सव्वापाचला बाहेर पडायचं, मोर ओरडायच्या आत पहिली फेरी पुरी करायची. मनगटावर घड्याळ आलं. त्यात रोज एक आकडा वाढायचा : सलग ३८ दिवस, सलग ३९ दिवस. आमच्या कॅलेंडरवर जे कुणाला जमलं नाही ते मी करत होतो. शून्य खाडे! साठाव्या दिवशी मी तो आकडा बायकोला दाखवला. ती म्हणाली, "छान. जाताना कचऱ्याची बादली खाली ने."

सत्तराव्या दिवसाच्या आसपास कधीतरी बिघडलं. नेमकं कधी ते सांगता येत नाही, तीच तर या दुखण्याची खोड आहे. जी फेरी चाळीस मिनिटांत व्हायची तिला चव्वेचाळीस लागायला लागली, आणि धाप जास्त. पायऱ्या चढताना मांड्यांत कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं वाटायचं. आता हिशेबनिसाला तूट दिसली की तो काय करतो? भरणा वाढवतो. मीही वाढवला. संध्याकाळी एक जादा फेरी, आणि रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या पाच वेळा. शिवाय वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण बंद. वेळ पंचेचाळीस मिनिटांवर गेली.

झोपेचं तर विचित्रच होतं. उशीला डोकं टेकताच डोळा लागायचा आणि तीनला टक्क जाग. छातीतली धडधड कानात ऐकू यायची. सर्दी तीन आठवडे मुक्कामाला होती. आणि चिडचिड! एका अशिलाशी मी बारा रुपयांच्या फरकावरून वीस मिनिटं भांडलो. फरक माझ्याच बेरजेत होता. पण खरं कळलं ते एका पहाटे. बुटाची नाडी बांधायला बसलो आणि बांधवेना. हाताला काही झालं नव्हतं. नुसतं जावंसंच वाटत नव्हतं. ज्या टेकडीसाठी मी गजराच्या आधी उठायचो, ती टेकडी नकोशी झाली होती. तरीही गेलो. आकडा तुटला असता ना!

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व असं सगळं तपासून घेतलं. सगळं जागच्या जागी. मग त्यांनी विचारलं, "पळण्याला सुट्टी कधी असते?" मी अभिमानानं म्हणालो, "नसते." त्यांनी पेन खाली ठेवलं.

या दुखण्याची, म्हणजे विश्रांतीविना केलेल्या अतिसरावाची, एक अशी तपासणी नाही, म्हणाले ते. बाकीचे आजार एकेक करून खोडत जायचं आणि शेवटी उरतं ते हे. माझं अजून अलीकडच्या पायरीवर होतं. दोन-तीन आठवडे नीट विश्रांती घेतली तर उतरणारं. आणखी रेटलं असतं तर महिनेच्या महिने गेले असते. पहाटे अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजायला सांगितली. माझी एरवी ५८ असायची. त्या आठवड्यात ६७, ६८. एखाद्या दिवशी नाडी वाढली तर घाबरू नका, रात्री लग्नाला गेलात, ताप आला, झोप मोडली तरी वाढते, पण चार-पाच दिवस ती उतरायलाच तयार नसेल तर समजा.

आणि मग ते जे बोलले ते माझ्या धंद्याचंच होतं. जुलै म्हणजे विवरणपत्रांचा महिना, रात्री अकरापर्यंत ऑफिस. मी समजत होतो की ऑफिसचं खातं वेगळं आणि टेकडीचं वेगळं. शरीर एकच वही ठेवतं. अशिलाची कटकट, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन, बुडवलेलं जेवण, पर्वतीच्या पायऱ्या, सगळं एकाच बाजूला नावे पडतं. जमेला फक्त अन्न आणि झोप. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर स्नायूंतला साखरेचा साठा पुन्हा भरायलाच, नीट जेवलात तरी, एक दिवस लागू शकतो. मी पुढच्या बारा तासांत पुन्हा काढायला हजर, तेही रात्री उपाशी.

हे सगळं मी कराडकडच्या मामाला फोनवर सांगितलं. मामा तरुणपणी तालमीत होता. तो हसला. "आरं, जोर-बैठका मारून कुणी पैलवान हुतंय व्हय? जोर मारायचं, मालीश करायची, खुराक खायाचा आन् झोपायचं. दुपारचं तालमीत कुणी मोठ्यानं बोललं तर वस्ताद काठी घ्यायचा. निजलेल्या पोराला उठवायचं न्हाई."

आणि मग, कराडचा माणूस म्हटल्यावर, गाडी खाशाबांवर आलीच. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी. जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत पैलवानापुढं उभं केलं गेलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मामा ही गोष्ट सांगताना अजून हळहळतो. "अर्ध्या तासाचा इषय हुता भाच्या. अर्धा तास."

त्याच हेलसिंकीत एमिल झाटोपेकनं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं नेली. सरावात ४०० मीटरच्या फेऱ्या डझनावारी मारणारा हा चेक गडी. पण माझ्या आवडीची गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची आहे. १९५० साली ब्रुसेल्सच्या युरोपियन स्पर्धेच्या तोंडावर अन्नातून विषबाधा झाली म्हणून त्याला रुग्णालयात पडून राहावं लागलं. सराव ठप्प. तिथून उठून गेला आणि पाच हजार, दहा हजार दोन्ही जिंकला. सक्तीचा खाडा कामी आला, असं पळणारे लोक आजही म्हणतात. विषबाधा करून घ्या असं अर्थात कुणी म्हणत नाही.

मला राहून राहून वाटतं, आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं. पाय दुखले तर आपण म्हणतो, पाय आंबले. इडलीचं पीठ आंबवायला आपण काय करतो? वाटतो, झाकतो आणि रात्रभर त्याला हात लावत नाही. मधूनमधून झाकण काढून ढवळत बसणाऱ्या माणसाला आई काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. कणीक भिजवून झाकून ठेवतो, लोणचं मुरू देतो. मी मात्र सत्तर दिवस नुसता ढवळत होतो.

तर पहिला खाडा. गुरुवार होता. सव्वापाचला जाग आली, मोर ओरडला, मी पडून राहिलो. इतकं अपराधी मला आयकर अधिकाऱ्यासमोरही वाटलेलं नाही. सलगचा आकडा शून्यावर आला. पुढचे दोन आठवडे नुसतं चालणं, रात्री भात-वरण, दहाला दिवे बंद. नाडी ६४ झाली, मग ६१, आणि एका रात्री सलग सात तास झोप लागली. त्यानंतर हळूहळू पळणं. आता तीन आठवडे थोडं थोडं चढवतो आणि चौथा हलका ठेवतो. सोमवार आणि गुरुवार बंद. साताऱ्याचा घाट मी त्या वर्षी चढलो नाही. नाव दिलेलं होतं, पैसे गेले. टीशर्ट मात्र मिळाला.

घड्याळातला तो सलगचा आकडा मी बंद करून टाकला आणि खाडे कॅलेंडरवर मांडायला लागलो. दाराआडच्याच. सोमवारी फुली, गुरुवारी फुली. महिनाअखेरीला दूधवाला दारात उभा होता आणि बायको त्याला बिलातले नऊ दिवस कापायला सांगत होती.

"ताई, एक बी खाडा नाय माझा," तो काकुळतीला येऊन सांगत होता. "पावसात बी आलोय."

मी आतूनच ओरडलो, "त्या माझ्या आहेत!"