तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅगनच्या मानेला तडा का जातो?

“ओव्हनमधून काढला तेव्हा धड होता, दुसऱ्या दिवशी बघतो तर मानेला आणि पंखाच्या मुळाशी तडे. असं का होतं? आणि रंगवल्यावर तो खेळण्यातला का वाटतो?” पॉलिमर क्लेचे काल्पनिक प्राणी करायला घेतलेले लोक हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच विचारतात. तडा वर दिसतो, पण त्याचं कारण आत असतं. तिथूनच सुरुवात करतो.

पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. उष्णता मिळाली की कण ते शोषून घेतात आणि एकमेकांत मिसळून सलग होतात. हवेत वाळणाऱ्या मातीतलं पाणी उडतं, ती आकसते आणि न आकसणाऱ्या तारेवर फाटते. पॉलिमर क्लेत पाणीच नसल्यामुळे तो दोष तिच्या माथी मारता येत नाही. तिला तडे जातात ते जाडी एकसारखी नसल्यामुळे, आत हवा अडकल्यामुळे, तार हलत असल्यामुळे किंवा भाजणं अपुरं राहिल्यामुळे. बहुतेक वेळा यांतली दोन-तीन कारणं एकाच जागी भेटतात, आणि ती जागा म्हणजे मान नाहीतर पंखाचं मूळ.

साधारण ३० सेंटिमीटर लांबीच्या प्राण्याला कण्यासाठी ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार, पायांसाठी २ मिलिमीटरची आणि पंखाच्या बोटांसाठी १ मिलिमीटरची पुरते. मानेत मात्र एक जाड तार घालण्यापेक्षा १.५ मिलिमीटरच्या दोन तारा पिळून घाला. गुळगुळीत तारेवर क्ले गोल फिरते. पिळाच्या खाचांत ती घट्ट बसते. पायांच्या तारा तळव्याखाली २ ते ३ सेंटिमीटर बाहेर ठेवा, त्या पुढे लाकडी बैठकीच्या भोकांत जातील. पंखाच्या तारा पाठीवर नुसत्या टेकवू नका. त्या छातीत उतरवून कण्याभोवती गुंडाळा, सांध्यांवर एपॉक्सी पुटी (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारा लगदा) लावा आणि २४ तास हात लावू नका. कडक झालेल्या पुटीला क्ले भाजण्याचं तापमान सोसतं.

धडाचा गाभा ॲल्युमिनियम फॉइलचा. तो अंगठ्याने दाबला तर दबता कामा नये, इतका ठोकून घट्ट करा. सैल फॉइलच्या पोकळ्यांतली हवा तापली की फुगते आणि वरच्या थराला फोड येतात किंवा तो फाटतो. गाभा असा घडवा की वर येणारी क्ले सगळीकडे ५ ते ८ मिलिमीटरच राहील. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. फॉइलच्या सुरकुत्यांत क्लेचा पातळ थर अंगठ्याने रगडून बसवा, तो एकदा भाजून घ्या, आणि मगच बाकीचं शरीर चढवा. भाजलेल्या थरावर नवी क्ले लावताना मध्ये लिक्विड क्लेचा (पातळ, द्रव रूपातल्या पॉलिमर क्लेचा) पुसट हात द्या, नाहीतर दोन थर वेगळेच राहतात.

आता पंख. इथे शरीरशास्त्र आणि मजबुती एकाच दिशेने चालतात, आणि मला या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच: दंड, कोपर, मनगट, मोकळा अंगठा, आणि पडदा ताणून धरणारी लांबलचक बोटं. चार पायांच्या ड्रॅगनला पंख म्हणजे खांद्यांची दुसरी जोडी. म्हणजे पुढच्या पायांच्या मागे पाठीवर आणखी दोन खवाटे (खांद्याची चपटी हाडं) हवेत आणि पंख खाली ओढणारे छातीचे स्नायू हवेत. हे न करता सपाट पाठीवर पंख चिकटवला की तो चिकटवलेला दिसतोच, शिवाय १.५ मिलिमीटरच्या पडद्याची गाठ अचानक जाड धडाशी पडते. पातळ भाग आधी तापतो आणि आधी गार होतो, वर पंखाचं वजन सारखं तिथेच ओढतं. तडा अगदी त्या रेषेत जातो. खवाटे आणि स्नायूंचे उंचवटे घातले की जाडी हळूहळू बदलते आणि तो धोका बराच कमी होतो. मानेचंही तसंच: ती खांद्याकडे रुंदावत गेली पाहिजे. सरळ नळीसारखी मान सगळा ताण मुळाशी साठवते.

पडद्यासाठी १ ते १.५ मिलिमीटरची चादर लाटा आणि बोटांच्या तारांवर दोन्ही बाजूंनी मिसळून घ्या. दोन बोटांमधली मागची कड आत वळलेली कमान असू द्या. ताणलेलं कातडं तसंच दिसतं. ओव्हनमध्ये क्ले कडक होण्याआधी थोडी मऊ पडते, म्हणून पडद्याखाली चुरगळलेल्या कागदाचा आधार द्या, नाहीतर पंख लोंबतो.

खवले एकेक लावणार असाल तर शेपटीकडून डोक्याकडे या, घरावर कौलं खालच्या ओळीपासून चढवतात तसे. ठसा उमटवणार असाल तर क्लेवर पातळ प्लास्टिक पसरून वरून नळीची कड दाबा, कडा गोल आणि मऊ येतात. सगळीकडे एकाच मापाचे खवले हे खेळणं वाटण्याचं मोठं कारण आहे. पाठीवर मोठे, सांध्यांपाशी, गळ्यावर आणि पापण्यांवर बारीक, पोटाखाली आडव्या रुंद पट्ट्या. काखेत आणि मांडीच्या सांध्यात खवले नकोत, तिथे सुरकुत्या हव्यात. मगरीचं तोंड निरखून बघा: तिथले अनियमित तुकडे वाढीच्या वेळी कातडीला पडलेल्या घड्यांमुळे तयार होतात, अंगावरच्या खवल्यांसारखे ते सुटे उगवत नाहीत. म्हणून जबड्यावर वेड्यावाकड्या रेघा ओढल्या तरी ते खरं वाटतं.

भाजताना ओव्हनच्या खटक्यावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. तापमान पाकिटावर असेल तेच, ब्रँडप्रमाणे साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस. वेळ दर ६ मिलिमीटर जाडीला १५ ते ३० मिनिटं, तीही पाकिटावर बघून. योग्य तापमानात जास्त वेळ ठेवल्याने सहसा बिघडत नाही. तापमान वाढवून वेळ वाचवायला गेलात की शिंगं करपतात. सुमारे १७५ अंशांच्या वर तर पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. खोलीत वारा खेळता हवा. थंड ओव्हनमध्ये ठेवून तापवा, वरून फॉइलचा सैल तंबू करा, आणि बंद केल्यावर आतच गार होऊ द्या. सोबत त्याच क्लेची २ मिलिमीटरची पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकवून बघा: सहज कट्कन तुटली तर प्राणीही कच्चाच आहे, पुन्हा आत घाला. दुसऱ्या दिवशी येणारे तडे बहुधा याच कच्चेपणाचे असतात.

तरीही तडा गेलाच, तर तो टोकदार कोरणीने थोडा रुंद करा, लिक्विड क्लेत कालवलेली तीच क्ले भरा आणि पुन्हा भाजा. त्याच जागी परत उघडला तर आत तार हलते आहे. तेवढा भाग फोडून तार बांधल्याशिवाय इलाज नाही.

डोळे क्लेच्या आधी ठरवा, कारण पापण्या त्यांच्यावर बसतात. काचेचे अर्धगोल ओव्हनमध्ये टिकतात, प्लास्टिकचे मऊ पडून वाकडे होऊ शकतात. वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेवर थोडी आली पाहिजे. पूर्ण गोल बुबुळ उघडं राहिलं तर प्राणी दचकलेला दिसतो. डोळ्यातली बाहुली दबा धरणाऱ्या शिकाऱ्याला उभ्या फटीसारखी, चरणाऱ्या प्राण्याला आडवी.

रंगाआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटांचं तेल निघतं. मग ब्रशने ॲक्रिलिक जेसोचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पातळ थर. स्प्रेचे प्रायमर, स्प्रेचे वार्निश आणि नेलपॉलिश टाळा. त्यांतल्या द्रावकांची प्लास्टिसायझरशी गाठ पडली की थर चिकट राहतो, कधी कधी काही महिन्यांनी चिकट होतो, आणि तो दुरुस्त करणं फार कठीण.

मधल्या छटेचा रंग सगळीकडे द्या. वाळल्यावर गडद वॉश: एक भाग रंग, पाच भाग पाणी, थोडं मॅट मीडियम (रंगात मिसळायचं, चमक नसलेलं ॲक्रिलिक द्रव), म्हणजे वाळताना कडेला डागाच्या रेषा उमटत नाहीत. खाचांत राहू द्या, उंचवट्यांवरून पुसून काढा. सावलीला काळा घेऊ नका. हिरव्या प्राण्याला निळसर जांभळा, लालसर प्राण्याला गडद तपकिरी. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट पिवळसर छटा. पाठ गडद, पोट फिकट. पंखाच्या पडद्याला थोडा लालसर उबदारपणा द्या, तिथून उजेड आरपार येतो असं वाटतं.

चकाकी शेवटी, आणि तीही वाटून. अंगभर एकच ग्लॉस दिला की सगळं काम प्लास्टिकचं दिसतं. पाण्यावरच्या मॅट वार्निशचे दोन पातळ हात, पोटाच्या पट्ट्यांवर मंद चकाकीचं सॅटिन, आणि ग्लॉस फक्त डोळे, नाकपुड्या, जीभ आणि हिरड्यांवर. बैठकीच्या भोकांत एपॉक्सी गोंद घालून पाय रोवा, आणि यापुढे उचलायचं ते बैठकीला धरून.